चौकटीतील वाळवी, अंगणातील लव्हाळा आणि भिंतीला टेकलेली हिरवळ

परभणीजवळच्या एका नव्या वसाहतीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांपूर्वी काळ्या रानात बांधलेल्या घराच्या मागील खोलीची सागवानी चौकट वाळवीने पोखरली आहे. दोनदा औषध मारून घेतले, तरी चार-सहा महिन्यांत मातीच्या रेषा पुन्हा भिंतीवर चढतात. मागे सुमारे सहाशे चौरस फुटांची हिरवळ आहे, तीत लव्हाळा माजला आहे आणि मीठ टाकूनही तो हटलेला नाही. शिवाय हिरवळ मधूनमधून पिवळी पडते. बाईंनी चार छायाचित्रे पाठवली असून, तिन्ही तक्रारींवर चालेल असे एखादे चांगले औषध सुचवावे, अशी विनंती केली आहे.

तिन्हींवर चालणारे एक औषध नाही, पण तिन्ही तक्रारी ज्या जागी एकत्र येतात ती जागा आपल्या दुसऱ्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. हिरवळ मागील भिंतीला थेट टेकलेली आहे, कोपऱ्यातील नळाखालची माती काळीशार ओली आहे आणि कुंड्यांची रांग जोत्याला चिकटून ठेवलेली आहे. भिंतीलगतचा हा दीड-दोन फुटांचा पट्टा वर्षभर ओला राहतो. भर उन्हाळ्यात आसपासची जमीन भेगाळून कोरडी होते, तेव्हा वाळवीला आणि लव्हाळ्याला त्या परिसरात याहून सोयीची जागा मिळत नाही. कीडनियंत्रणाच्या आणि बागकामाच्या व्यवसायात मला बावीस वर्षे झाली. ज्या घरांतून मला दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बोलावणे येते, त्यांतील बहुतेक घरी भिंतीलगतचे पाणी पहिल्या फवारणीनंतरही तसेच चालू राहिलेले आढळते. म्हणून औषधाच्या आधी पाण्याचा बंदोबस्त करावा, हे माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम चौकटीत शिरलेली कीड वाळवीच आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण लाकूड पोखरणारे भुंगे वेगळे आणि त्यांचा उपायही वेगळा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर हळूहळू ठोकत जावे. भरीव लाकूड टणक वाजते आणि पोकळ जागी आवाज एकदम बसका होतो. तेथे टोक दाबताच ते रंगाच्या पापुद्र्यातून आत गेले आणि पोकळीत ओलसर माती भरलेली निघाली, तर ती वाळवी. आपल्याकडील जुनी मंडळी हिला उधळी म्हणतात. याउलट लाकडाला टाचणीने पाडल्यासारखी बारीक गोल छिद्रे असतील आणि खाली मैद्यासारखा कोरडा भुसा पडत असेल, तर तो भुंग्याचा प्रताप समजावा. त्यासाठी जमिनीत औषध भरणे म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय. आपल्या छायाचित्रात भिंतीवर पेन्सिलीच्या जाडीची मातीची नळी दिसते, तेव्हा येथे शंकेला जागा नाही.

चौकट सागाची असून वाळवी लागली कशी, असे आपण विचारले आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, परंतु खोडाच्या बाहेरील पांढुरक्या भागाला ते संरक्षण नसते. चौकट कापताना गाभ्यासोबत हा भाग आला आणि वर रंग चढला की तो ओळखू येत नाही. आपल्या चौकटीची भिंतीकडील कडच तेवढी खाल्ली गेली आहे आणि मधला भाग शाबूत आहे, यावरून तसेच घडलेले दिसते.

आता वाळवी परत का येते ते पाहू. लाकडात दिसते ती वाळवी म्हणजे कामकरी किड्यांची रांग असते. त्यांचे मूळ घर जमिनीत असते, कधी भिंतीपासून बऱ्याच अंतरावर. राणी तेथे असते आणि अंडी तेथेच पडतात. या किड्यांचे अंग मऊ असते, उघड्या कोरड्या हवेत ते तग धरत नाहीत, म्हणून जमिनीतील ओलावा सोबत नेण्यासाठी ते मातीची नळी बांधत वर चढतात. त्या नळीवर रॉकेल ओतले किंवा चौकटीवर फवारा मारला की नळीत असलेले किडे मरतात, रांग तुटते आणि घरातील माणसांना काम झाल्यासारखे वाटते. जमिनीतील वसाहतीला त्याचा पत्ताही नसतो. काही आठवड्यांनी नवी नळी दोन वीत बाजूला उगवते. आपल्याकडे दोन्ही वेळा फवारणीच झाली आणि जमिनीत काहीच भरले गेले नाही, असे आपल्या वर्णनावरून दिसते.

याला आणखी एक कारण संभवते. जोते भरताना सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, लाकडी खुंट्या आणि सिमेंटच्या कागदी पिशव्या त्याच भरावात ढकलून देण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. फरशीखाली वाळवीला वर्षानुवर्षे पुरेल इतका शिधा मालकाच्या खर्चाने साठवला जातो. झालेल्या घरात तो काढता येत नाही, पण नवे घर बांधणाऱ्या वाचकांनी भराव स्वतः उभे राहून पाहावा, त्यात निव्वळ मुरूम जाऊ द्यावा आणि फरशीच्या काँक्रीटआधी वाळवीप्रतिबंधक औषध करून घ्यावे. भारतीय मानक ६३१३ च्या दुसऱ्या भागात त्याची पद्धत दिलेली आहे. जोत्याच्या भरावाच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, हे त्यातील लक्षात ठेवण्याजोगे प्रमाण.

राहत्या घरासाठी त्याच मानकाचा तिसरा भाग आहे. भिंत आणि फरशी जेथे मिळतात त्या सांध्यावर साधारण एक-एक फुटाच्या अंतराने १२ मिलीमीटरची छिद्रे पाडायची, ती फरशी आणि काँक्रीट पार करून खालच्या मातीपर्यंत न्यायची, प्रत्येक छिद्रात माती पिईल तितके, जास्तीत जास्त एक लिटर द्रावण दाबाने भरायचे आणि मग छिद्र सिमेंटने बुजवायचे. हा हिशेब मी मुद्दाम देत आहे, कारण त्यावरून समोरच्या माणसाचे काम जोखता येते. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीचा परीघ ४४ फूट. दार वजा केले तरी चाळीसेक छिद्रे, म्हणजे सुमारे ४० लिटर द्रावण एकाच खोलीला लागते. कोणी पाच लिटरचा हातपंप घेऊन आला आणि तासाभरात सगळे घर उरकून गेला, तर त्याने वाळवीला नुसता वास दिला असे समजावे.

औषध कोणते, हा प्रश्न नेहमी प्रथम विचारला जातो. माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात दुधाळ मिसळणारे द्रव औषध) वापरायचे तर लिटरला ५० मिलीलिटर असे प्रमाण पडते, म्हणजे एक लिटर औषधात एकोणीस लिटर पाणी. त्याचा वास बरेच दिवस रेंगाळतो. राहत्या घरात मी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (बारीक कण तरंगत ठेवलेले द्रव औषध), लिटरला २.१ मिलीलिटर, या प्रमाणात वापरणे पसंत करतो. त्याला वास जवळपास नसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाळवीला ते जाणवत नाही. त्यामुळे ती वळसा न घालता त्यातून ये-जा करते, तत्काळ मरत नाही आणि ते अंगावर घेऊन आपल्या सोबतिणींत मिसळते. परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि त्या काळात घरमालकांचे फोन येत राहतात, ही त्याची एकमेव अडचण.

हे काम स्वतः करू नये. राज्याच्या कृषी विभागाचा परवाना असलेल्या व्यावसायिकाकडूनच ते करून घ्यावे, परवाना पाहण्यास मागावा आणि डब्याचे सील आपल्यासमोर फोडायला सांगावे. आपल्या घरी जमिनीखाली पाण्याची टाकी असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी तिची जागा खडूने आखून दाखवावी. टाकीच्या भिंतीलगत आणि बोअरच्या आसपास छिद्रे मुळीच पाडू देऊ नयेत, मग तेवढा भाग उपचाराविना राहिला तरी चालेल.

चौकटीचा पोकळ भाग पोखरून काढून तेथे लांबी (पुट्टी) भरण्याची घाई करू नये. भिंतीवरील एक नळी पुसून न टाकता तशीच ठेवावी, तिचा मधला दोन बोटे भाग नखाने फोडावा आणि तारीख शेजारी पेन्सिलीने लिहावी. आत वाळवी जिवंत असेल तर ही खिंड दोन-तीन दिवसांत ओल्या मातीने बुजवलेली दिसते. औषध भरल्यानंतर महिनाभराने आणि पुन्हा पहिल्या मोठ्या पावसानंतर हीच परीक्षा करावी. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी घिरट्या घालते आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा खच पडलेला असतो. ते किडे बाहेरून आलेले असतील तर काळजीचे कारण नाही, पण बंद खोलीच्या आत चौकटीपाशी पंख सापडले तर घराखालची वसाहत जिवंत आहे असे समजून व्यावसायिकाला परत बोलवावे.

औषधासोबत, किंबहुना त्याच्या आधी, भिंतीलगतचा पट्टा मोकळा करावयाचा आहे. हिरवळ भिंतीपासून दोन फूट मागे हटवावी, नळाचा वॉशर बदलावा आणि सांडणारे पाणी नालीत सोडावे. मोकळ्या पट्ट्यावर फरशी बसवायची असल्यास थेट काळ्या मातीवर बसवू नये. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन वर्षांत फरशी हलून नेमक्या भिंतीच्या सांध्याशी फट पडते. नऊ इंच ते फूटभर माती उकरून मुरूम धुमसावा आणि त्यावर बाहेरच्या बाजूला उतार देऊन शहाबादी फरशी बसवावी. कुंड्या आणि रचून ठेवलेल्या विटा हलवताना हात थेट खाली घालू नये, काठीने सरकवाव्यात, कारण आपल्या भागात अशाच ओलसर सावलीत विंचू दबा धरून असतो. लाल विंचवाचा दंश झाला आणि घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर उतारा-मंत्र यांत एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे. या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्या जालना जिल्ह्याचे.

आता लव्हाळ्याकडे वळतो. हिरवळीतील संशयित काडी बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहावी. गवताची काडी गोल किंवा चपटी लागते, लव्हाळ्याची मात्र तीन धारांची असते आणि ते बोटांना लगेच कळते. ती हलक्या हाताने उपटली तर वरचा भाग तुटून येतो आणि खरा लव्हाळा खालीच राहतो. खुरप्याने वीतभर माती काढली की काळपट तपकिरी गाठी दिसतात, दोऱ्यासारख्या मुळाने एकीला दुसरी जोडलेली अशी माळच असते. गाठ दाताने फोडली तर सुगंध येतो. हाच नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात असतो. माळेतील टोकाची गाठ उगवते आणि बाकीच्या बहुतांशी झोपून राहतात. कुदळीने अर्धवट खणले की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एकदा खणल्यावर लव्हाळा दुप्पट झाला, हा आपला अनुभव म्हणूनच खरा आहे.

मिठाबद्दल मात्र मला कठोर बोलणे भाग आहे. लव्हाळा मिठाला दाद देत नाही, पण आपली काळी माती देते. मिठातील सोडियम चिकणमातीचे कण विस्कळीत करतो, मग पाणी मुरत नाही, वर साचते आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. जेथे मीठ टाकले असेल तेथील वरची चार बोटे माती काढून दूर टाकावी आणि त्या जागी पोयटा व कुजलेले शेणखत भरावे.

तणनाशकाचा मोहही येथे आवरावा. २,४-डी ने लव्हाळ्याचा शेंडा करपतो पण गाठी शाबूत राहतात. ग्लायफोसेट गाठींपर्यंत काही प्रमाणात पोहोचते, परंतु केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते कीडनियंत्रण व्यावसायिकाखेरीज इतर कोणी वापरावयाचे नाही, आणि हिरवळीवर ते मारले तर लव्हाळ्याआधी हिरवळ जाते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्याच्या आवारातील रुंद पानांच्या तणावर मी २,४-डी मारले, पंप दोन वेळा विसळला आणि तोच पंप आठवड्याने त्याच घरच्या जास्वंदीवरील मव्यासाठी वापरला. दहाव्या दिवशी जास्वंदीची नवी पाने बोटांसारखी लांबट, आक्रसलेली निघाली. हे औषध कपाशीला आणि तिच्या कुळातील झाडांना अत्यल्प प्रमाणातही बाधते, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये ते किती टिकून राहते हे त्या दिवशी समजले. सात झाडे मी पदरच्या पैशाने बदलून दिली. तेव्हापासून तणनाशकाचा पंप मी वेगळा ठेवतो आणि त्याच्या टाकीवर लाल रंगाचा पट्टा ओढलेला आहे. आपल्या वसाहतीला लागून कपाशीची राने असतील, तर उन्हाळ्या-पावसाळ्याच्या वाऱ्यात २,४-डी चा विचारही करू नये.

मग करायचे काय, तर दोन कामे. हिरवळीच्या ज्या भागात लव्हाळा गवतापेक्षा जास्त झाला आहे, तो भाग वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. एप्रिलच्या शेवटी तेथील पाणी पूर्ण बंद करावे, वीतभर खोल माती कुदळीने उलटी करावी आणि मे महिन्याचे ऊन तिला खाऊ द्यावे. शेतकरी लव्हाळ्यासाठी आणि कुंदा या गवती तणासाठी उन्हाळी नांगरट करतात त्यामागे हेच आहे. गाठ खडखडीत वाळली की तिच्यातील जीव जातो. दर आठवड्याला ढेकळे फोडून, माती खाली-वर करून, दिसतील त्या गाठी टोपल्यात वेचाव्यात. त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, वाळवून जाळाव्यात. पाऊस पडल्यावर लगेच हिरवळ न लावता तेथे ताग दाट पेरावा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, आणि तागाखाली वाचलेल्या गाठी कशाबशा उगवून खुरटतात. दीड महिन्याने ताग कापून तेथेच गाडावा. जेथे लव्हाळा तुरळक आहे तेथे खुरप्याने गाठीसकट काढत राहावे, आणि ही खुरपणी दहा-बारा दिवसांहून जास्त लांबू देऊ नये, कारण नव्या कोंबाला तीन-चार आठवडे मिळाले की तो खाली नव्या गाठी धरू लागतो. यात एक सगळा पावसाळा जातो, कधी दोन.

शेजारच्या मोकळ्या भूखंडावरील गाजर गवताविषयीही आपण ओझरते लिहिले आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आता कोणत्याही मोकळ्या जागेत आढळते. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे आणि मोकळ्या जागेत तरोट्याचे बी फेकावे. तरोटा त्याला वर येऊ देत नाही. घरात दम्याचा किंवा त्वचेच्या खाजेचा त्रास असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये.

राहिली हिरवळीची पिवळी पाने. पिवळ्या ठिगळातील गवत मुठीत धरून वर ओढावे. ते सतरंजीसारखे सहज उचलून आले आणि खाली पांढुरकी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली, तर मुळे हुमणीने खाल्ली आहेत. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत, आणि जून-जुलैमध्ये मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून जमिनीत द्यावी. तिच्याविषयी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

मात्र आपल्या चौथ्या छायाचित्रात नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसतात, जुनी पाने बरी आहेत. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते, त्यात बोअरचे जड पाणी, त्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. यावर युरिया टाकल्याने काही साधत नाही. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे. फरशीवर थेंब पडू देऊ नयेत, कारण त्याचे तांबूस डाग निघत नाहीत.

सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलीमीटर धरले तरी या हिरवळीला रोज २८० लिटर पाणी लागते. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा आकडा घरातील सर्वांनी एकदा मोठ्याने वाचावा. माझा सल्ला असा, की हिरवळ मागील भिंतीपासून सोडवून अंगणाच्या मध्यभागी दीडशे-दोनशे चौरस फुटांवर आणावी आणि तेथे साधी हरळी लावावी. पाण्याविना ती मे महिन्यात तपकिरी होते, परंतु मरत नाही, आणि पहिल्या पावसाने आठवड्यात हिरवी होते. कापणी दीड इंचाच्या खाली नेऊ नये आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. बुडाशी खरवडून कापलेल्या हिरवळीत ऊन थेट जमिनीवर पडते आणि लव्हाळ्याला हवे असते ते मिळते.

सध्या एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. नळ आणि भिंतीलगतचा पट्टा या आठवड्यात, लव्हाळ्याची खणणी महिनाअखेरीस आणि वाळवीचे औषध त्याच सुमारास, पट्ट्यावर मुरूम पडण्यापूर्वी उरकून घ्यावे, म्हणजे व्यावसायिकाला बाहेरून जोत्यालगतही औषध भरता येईल. चौकटीच्या कोपऱ्यातील ती फोडलेली नळी तेवढी कोणाला पुसू देऊ नका.